लॅटिनची एकेचाळीस कार्डं

१

लॅटिनचा खोका रिकामा आहे, हे सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सहा माणसांसमोर उघड झालं. त्या सहांपैकी एकाला ते आधीपासूनच माहीत होतं. तो एक कोण, हे मला मात्र तीन दिवसांनी कळलं, कारण मला सगळंच उशिरा कळतं. मी शब्दकूळ कोशमंडळाचा मानद चिटणीस. मानद चिटणीस म्हणजे सभेचा वृत्तान्त लिहिणारा आणि जाताना पंखे बंद करणारा माणूस. नाव दीपक शेलार. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून इथेही सगळे मला गुरुजीच म्हणतात.

आमचं मंडळ नाशकात अशोकस्तंभाजवळ, एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. मराठीत वापरात असलेले शब्द कुठून आले, त्यांचे अर्थ कसकसे बदलले, याचा कोश करणं हे आमचं काम. बावीस वर्षांत आम्ही ‘ल’पर्यंत आलो आहोत. घाई कुणालाच नाही. प्रत्येक नोंद आधी हाताने कार्डांवर लिहायची, कार्डं पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची, मग टाइप करायची आणि छापताना खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं द्यायची, हा कारभारी अण्णांचा नियम. अण्णा म्हणजे प्रा. कारभारी निकम, मूळचे चांदवडचे. मंडळ त्यांनी काढलं. जानेवारीत ते गेले आणि संपादकाची खुर्ची रिकामी झाली.

अण्णांचा दुसरा नियम काटकसरीचा होता. विकतचं कार्ड वापरायचं नाही. घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका कापायच्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं. त्यामुळे आमच्या कार्डांवर एकीकडे शब्दाचं कूळ आणि दुसरीकडे कुणाचं तरी शुभमंगल असतं. ती दुसरी बाजू आम्ही कधी वाचत नाही. जेवून झालेली लग्नं पुन्हा कोण वाचणार?

खुर्चीसाठी दोन नावं होती. एक डॉ. अमोल देवरे, कॉलेजात शिकवतात, चौदा वर्षं मंडळात आहेत. दुसरी योगिनी गांगुर्डे, अकरा वर्षं आमची सहायक. ती अण्णांच्या नोंदी टाइप करायची, खोके लावायची आणि अलीकडे स्वतःही नोंदी लिहायची. ‘लॅटिन’ ही तिची सगळ्यांत मोठी नोंद. त्यासाठी ती नाशिकरोडच्या एका म्हाताऱ्या फादरकडे तीन वर्षं लॅटिन शिकली होती. फादरही आता हयात नाहीत.

शनिवारी छापखान्यातून मुद्रितं आली. ‘लॅटिन’खाली आद्याक्षरं होती ‘का. नि.’, म्हणजे कारभारी निकम.

“ही नोंद माझी आहे,” योगिनी म्हणाली.

“योगिनी, अण्णांच्या नोंदी तू टाइप करतेस. त्याने नोंद आपली होत नाही,” अमोलसर शांतपणे म्हणाले. “छापखान्याला यादी मी दिली. मला जे माहीत होतं ते लिहिलं.”

“माझ्या हातची एकेचाळीस कार्डं आहेत. सोमवारी खोका सगळ्यांसमोर उघडा.”

सोमवारी आम्ही उघडला. आत तळाशी एक रबरबँड होता.

२

त्या वेळी खोलीत कोण होतं ते सांगतो. अमोलसर, योगिनी, मी. अण्णांची मुलगी रोहिणीताई, जी आता वडिलांच्या जागी समितीवर आहे. चहा घेऊन आलेल्या भागीबाई, ज्या झाडलोट करतात. आणि आमच्या विश्वस्त यशोदाबाई आहेर, ज्यांच्या मालकीच्या या दोन खोल्या.

यशोदाबाई देवळ्याच्या. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागल्या, मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाल्या. गावोगावचे लोक सवयीने त्यांनाही ‘भाऊसाहेब’ म्हणत. शब्दांच्या कुळांत त्यांना फारसा रस नाही, पण एका जमिनीला चार वारस कसे निघतात ते त्यांनी बत्तीस वर्षं पाहिलं आहे.

“गुरुवारी समिती बसेल,” त्या म्हणाल्या. “तोवर कोणी कोणाला काही म्हणायचं नाय.”

पण दुपारीच रोहिणीताई पुन्हा आल्या. हातात कापडी पिशवी होती. अण्णांच्या कपाटात सापडलं, म्हणाल्या, आणि टेबलावर कार्डांचा गठ्ठा ठेवला. ‘लॅटिन’ची कार्डं, अनुक्रमांक एक ते एकेचाळीस. अक्षर अण्णांचं. त्या तिरप्या वेलांट्या मी बावीस वर्षं पाहिल्या आहेत, मी शपथेवर सांगितलं असतं.

आम्ही ती मुद्रिताशी ताडून पाहिली. शब्दाला शब्द जुळत होता.

योगिनीने वरचं कार्ड उचलून पाहिलं. ती एवढंच म्हणाली, “अण्णांनी माझी कार्डं पंधरा दिवस घरी नेली होती. तपासायला.”

“आणि मग?” अमोलसरांनी विचारलं.

“परत आणून दिली. बरं आहे, म्हणाले. मी रबरबँड लावून खोक्यात ठेवली, झाकण नुसतं टेकवलं.”

“खोका तर रिकामा आहे.”

गेलेल्या माणसाचं लेखन आपल्या नावावर करू पाहणाऱ्या बाईला संपादक तर सोडाच, सहायक म्हणूनही कोण ठेवील? अकरा वर्षं एका क्षणात पाण्यात जाताना मी पाहिली. आणि खरं सांगतो, मीही मनातल्या मनात वृत्तान्ताचं वाक्य तयार केलं होतं: श्रीमती गांगुर्डे यांचा दावा सिद्ध झाला नाही.

संध्याकाळी निघताना मी खोके लावले. अमोलसरांची ‘लेणी’ ही नोंद गेले सहा महिने रखडली होती, ती त्यांनी गेल्या आठवड्यात हातावेगळी केली होती. तिच्या खोक्याचं झाकण काही केल्या बसेना. शेवटी मी वर पेपरवेट ठेवला आणि पंखे बंद केले.

३

मंगळवारी यशोदाबाईंनी एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं. मला वृत्तान्त लिहायला बसवलं.

“लिहून काय करू?” मी विचारलं. “कार्डं तर मिळाली.”

“गुरुजी, घाई नका करू. जमिनीच्या कामात मी एक शिकले. नाव कोणाचं, हे शेवटी बघायचं. आधी कागद बघायचा. लय बोलतो तो.”

रोहिणीताई पहिल्या आल्या. कपाट उघडून बघायला त्यांना कुणी सुचवलं, हे यशोदाबाईंनी विचारलं.

“अमोलसरांचा फोन आला होता. अण्णांचे काही कागद असतील तर बघा म्हणाले. त्यात वावगं काय?”

“काहीच नाय. अण्णा घरी हे काम कसं करायचे?”

“दुपारी खिडकीशी बसायचे. मोतीबिंदूनंतर ऊन लागायचं त्यांना वाचायला.” रोहिणीताईंनी टेबलावर दोन हात मांडून दाखवले. “समोर दोन गठ्ठे मांडायचे. एक डावीकडे, एक उजवीकडे. मी चहा ठेवायला गेले की म्हणायचे, मधे ठेवू नको, मधे ठेवू नको.”

“दोन गठ्ठे,” यशोदाबाई म्हणाल्या आणि मला लिहायची खूण केली.

मग त्यांनी अण्णांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड उलटून रोहिणीताईंपुढे धरलं. “ही पत्रिका ओळखता?”

“आमच्या वेदिकाच्या लग्नाची. आयत्या वेळी कार्यालय बदललं, म्हणून शंभरेक पत्रिका बाद झाल्या. अण्णांनीच ठेवून घेतल्या.”

भागीबाई आल्या त्या पदराला हात पुसतच. त्या पेठकडच्या. कोणी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

“मी नाय टाकली बाई कार्डा. केर म्या रोज बघून टाकते. कोरा कागुद टाकला त देवरे सर वरडतात. परवा माझ्या सुपडीतना पाकीट उचललान. आतून कोरा हाये म्हने. दुकानातली पिशवी बी फाडून ठेवतात ते.”

“अण्णा असंच करायचे का?”

“अन्नांनीच त शिकवला त्यांना.”

अमोलसर मोजकं बोलले. योगिनीबद्दल त्यांच्या मनात आकस नाही. मुलगी कष्टाळू आहे. अण्णांच्या छायेत राहून तिचा गोंधळ झाला असेल, आपलं कुठलं आणि अण्णांचं कुठलं, याचा.

“तुमची ‘लेणी’ झाली म्हणे?”

“झाली एकदाची. वहीत कच्चं कधीचंच तयार होतं. कार्डांवर उतरवायला आठवडा लागला.”

“अभिनंदन,” यशोदाबाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या असं मला वाटलं.

शेवटी योगिनी आली. ती रडली नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि सरळ बसली.

“तुझी कार्डं कसली होती?” यशोदाबाईंनी विचारलं.

“पुठ्ठ्याची. माझा भाऊ रवी खोक्यांच्या कारखान्यात आहे. द्राक्षाच्या पेट्या कापताना पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उरतात. त्या तो मला कापून आणून देतो.”

“पत्रिका का नाय वापरत?”

“पहिल्या वर्षी आमच्या घरच्या पत्रिका आणल्या होत्या. त्यांच्यावर बुद्धाचा फोटो असतो, बाबासाहेबांचा असतो. इथे कुणीतरी म्हणालं, हे कापणं बरं दिसत नाही, आमच्याच पत्रिका वापर. म्हणणाऱ्याने चांगल्या मनानेच म्हटलं असेल. पण मग मी कुठल्याच वापरल्या नाहीत.”

ते कुणीतरी म्हणजे मी होतो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी वहीत नुसती रेघ ओढत बसलो.

“बाई,” ती जाता जाता म्हणाली, “पद नाही मिळालं तर चालेल. पण मी अण्णांचं चोरलं, असं घरी कसं सांगू? आईला वाटतं मी इथे पुस्तक लिहिते.”

४

बुधवारी यशोदाबाई ‘लॅटिन’चं मुद्रित मागून घेऊन खिडकीत बसल्या. दोन तास वाचत होत्या. मधेच हसल्या.

“गुरुजी, हे तुम्ही वाचलंत का?”

मी चाळलं होतं. चिटणीस चाळतो.

“ऐका. लॅटिन म्हणजे लॅटियमची. रोमपासून दक्षिणेला पसरलेला एक पट्टा आहे, त्याचं नाव लॅटियम. तिथले लोक लॅटिन, त्यांची बोली लॅटिन. रोम मोठं झालं तशी बोली मोठी झाली. आपल्याकडे अहिराणी हे नाव अहीर लोकांवरून पडलं आणि खान्देशी हे मुलखावरून, त्यातलं लॅटिन हे मुलखावरून, असं लिहिलंय. आमच्या देवळ्याच्या माणसाला लगेच कळतं. पुढे राज्य बुडालं, पण चर्चने भाषा धरून ठेवली, म्हणून एका चर्चचं नाव लॅटिन. ज्या अक्षरांत इंग्रजी लिहितात ती लॅटिन. ज्यांच्या भाषा तिच्या पोटी झाल्या ते लोक समुद्रापार गेले, तर ती अमेरिकाही लॅटिन. एवढासा पट्टा, आणि नाव कुठवर गेलं बघा.”

“आणि लॅटियम शब्द कुठला?”

“त्याच्या दोन कथा दिल्यात. जुने रोमन सांगायचे की सॅटर्न नावाचा देव मुलाच्या भीतीने पळाला आणि तिथे लपला, म्हणून लपण्यावरून ते नाव. ही कथा गोड आहे, पण अभ्यासकांना पटत नाही, असं म्हटलंय. त्यांच्या मते तो रुंद, सपाट मुलूख, म्हणून रुंदपणावरून नाव पडलं असावं. तेही नक्की नाही, असंही लिहिलंय.” त्यांनी चष्मा काढला. “नक्की नाही, हे लिहायला धाडस लागतं. जमिनीच्या फेरफार नोंदीत मी एकदाही लिहू शकले नाय.”

मग त्या उठल्या आणि अण्णांच्या हातचा ‘लगाम’चा खोका मागितला. तो आणि ‘लॅटिन’चा गठ्ठा शेजारी शेजारी ठेवून त्या बराच वेळ एक कार्ड इकडचं, एक तिकडचं असं उलटत राहिल्या.

“गुरुजी,” त्या अखेर म्हणाल्या, “अक्षर अण्णांचंच आहे, यात शंका नाय. पण नोंद अण्णांची नाय.”

“मग योगिनीची कार्डं कुठे आहेत?”

“इथेच असतील. या खोलीत.”

५

गुरुवारी अकरा वाजता तेच सहा जण बसले. भागीबाईंना यशोदाबाईंनी मुद्दाम खुर्ची दिली. त्या टोकावर टेकल्या.

“ही अण्णांची ‘लगाम’ची कार्डं,” यशोदाबाईंनी सुरुवात केली. “तेवीस कार्डं, चौदा वेगवेगळ्या लग्नांच्या पत्रिका. अण्णा वर्षभर लिहायचे, हाताला येईल त्यावर. प्रत्येक कार्डावर खाडाखोड आहे. शाई बदललीय, पेन बदललंय. माणूस विचार करतो तेव्हा असं दिसतं. आणि ही ‘लॅटिन’ची. एकेचाळीस कार्डं, सगळी एकाच लग्नाची. एकच पेन. खाडाखोड एका अक्षराची नाय. अण्णा एवढे अचूक कधीपासून झाले?”

त्यांनी दोन्ही गठ्ठे टेबलाच्या मधे सरकवले.

“रोहिणीताई म्हणाल्या, समोर दोन गठ्ठे असायचे. डावीकडचं बघायचे, उजवीकडे लिहायचे. अण्णा नोंद तपासायची म्हणजे काय करायचे, तर ती आपल्या हाताने पुन्हा उतरवायचे. आमच्याकडे जुने कारकून असंच करायचे. नुसतं वाचलं तर डोळा चुकीवरून सरकतो, हात मात्र अडखळतो. हे उजवीकडचं आहे. मग डावीकडचं कुठे गेलं?”

रोहिणीताईंनी तोंडावर हात ठेवला. “म्हणजे अण्णांनी योगिनीचं...”

“चोरलं नाय. तपासलं. चोरणारा माणूस मूळ परत आणून देत नाय. अण्णांचा दोष नाय, ताई, मनातून काढा.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, सोमवारी जाताना ‘लेणी’च्या खोक्यावर पेपरवेट का ठेवलात?”

मी चपापलो. “झाकण बसत नव्हतं.”

“अडतीस कार्डांनी झाकण का बसू नये? ‘लगाम’च्या खोक्यात तेवीस आहेत, अर्धा खोका मोकळा आहे. पत्रिका पातळ असते. पेटीचा पुठ्ठा जाड असतो.”

अमोलसर खिडकीबाहेर पाहत होते. यशोदाबाईंनी ‘लेणी’चा खोका पुढ्यात घेतला.

“चोरी केलेली वस्तू माणूस टाकून देतो, नायतर जाळतो. पण या खोलीत बावीस वर्षं एक शिकवण आहे. ज्याची एक बाजू कोरी आहे ते टाकायचं नाय. भागीबाईंच्या सुपडीतून पाकीट उचलणारा माणूस, ज्याची एक बाजू स्वच्छ पांढरी आहे अशी एकेचाळीस कार्डं जाळू शकेल? त्याने आपली नोंद त्यांच्यावर उतरवली. पुढे लेणी, मागे लॅटिन. आणि खोका शेल्फवर ठेवला, सगळ्यांच्या नजरेसमोर. कारण इथे कार्डाची मागची बाजू कोणी वाचत नाय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अण्णांची प्रत त्यांच्या घरी असणार हेही ठाऊक होतं, म्हणून तर ताईंना फोन गेला.”

त्यांनी खोक्यातली शेवटची तीन कार्डं काढली. ती वरून कोरीच होती. पुढे लागतील म्हणून जपून ठेवलेली. यशोदाबाईंनी ती एक एक करून उलटली.

योगिनीचं बारीक, उभट अक्षर. आणि खाडाखोड. ‘लपण्यावरून’ असं लिहिलेलं, त्यावर काट मारलेली, बाजूला ‘फादरना विचारणे’, खाली दुसऱ्या शाईत ‘फादर म्हणतात नक्की नाही’, आणि त्याखाली आणखी महिन्याभराने लिहिलेलं ‘रुंद, सपाट?’. शेवटचं प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं होतं.

योगिनीने ती तिन्ही कार्डं उचलून आपल्यापुढे ओळीने मांडली.

“मी ती जाळायला घेतली होती,” अमोलसर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. “घरी, गच्चीवर. काडीही ओढली. मग मागची बाजू पाहिली. एवढा चांगला पुठ्ठा...” पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. चौदा वर्षांत मी त्यांना शब्दासाठी अडलेलं पहिल्यांदा पाहिलं.

“का केलंत सर?” योगिनीने विचारलं.

“ती नोंद वाचली, आणि मला कळलं की खुर्ची तुझी आहे.”

६

त्यांनी त्याच दिवशी उमेदवारी मागे घेतली. समितीने योगिनीला संपादक केलं, आणि मी वृत्तान्त लिहिला. आधी मनात तयार केलेलं वाक्य मला आठवत होतं आणि त्याची लाज वाटत होती. पत्रिकांबद्दल मी तिला कधीकाळी जे बोललो होतो, त्याची त्याहून जास्त. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं की गुरुजी, पत्रिकेवर लिहिलं असतं तर मागची बाजू कोरी नसती. आज काहीच उरलं नसतं.” ही क्षमा होती की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

‘लेणी’चं काय करायचं, हा प्रश्न राहिला. रोहिणीताईंचं मत स्पष्ट होतं. काढून टाका, निदान खालचं नाव तरी काढा. यशोदाबाई योगिनीकडे पाहत राहिल्या.

योगिनीने ‘लेणी’ची अडतीसही कार्डं वाचली. त्यात तिची अख्खी दुपार गेली.

“नोंद चांगली आहे,” ती म्हणाली. “आणि त्यांनी लिहिलेली आहे. खाली ‘अ. दे.’ येईल. नोंद ज्याची त्याच्या नावावर.”

‘लॅटिन’खाली ‘यो. गां.’ आलं. तेवढं पान तिने आईसाठी जादा छापून घेतलं.

राहता राहिली मूळ कार्डं. एकाच कार्डाच्या दोन बाजूंना दोन नोंदी, मग ती कुठल्या खोक्यात ठेवायची? कोशाच्या नियमांत याला उत्तर नव्हतं. योगिनीने ती ‘लॅटिन’च्या खोक्यात ठेवली, दोन खोक्यांत वाटून, म्हणजे झाकण बसेल. मग ‘लेणी’चा रिकामा खोका पुढ्यात ओढला, टेबलाखालच्या पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या मागच्या बाजूवर एकच ओळ लिहून ती त्यात टाकली. कोशात आम्ही एका शब्दाकडून दुसऱ्याकडे वाचकाला पाठवतो, तशी ती ओळ आहे. अजून तिथेच आहे.

‘लेणी : पाहा लॅटिन, मागील बाजू.’